फोटो कुठं काढायचा, ते घरच्यांना सांगू द्या

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती आहेत. मुंबईतल्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत, म्हणजे शहरानं चहूबाजूंनी वेढलेल्या या गावांत, माणसांचे त्यांच्या घरात फोटो कसे काढावेत? मुळात काढावेत का? म्हणून कोणता कॅमेरा घेऊ, कोणती बॅग घेऊ हे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न : मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘घर म्हणजे काय’ या प्रकल्पासाठी वरळी कोळीवाड्यातल्या लोकांचे त्यांच्या घरात फोटो काढायचं ठरवलं. पण लोक आत घेत नाहीत. ‘कुठल्या ऑफिसातून आलीस?’ हेच पहिल्यांदा विचारतात. ज्यांनी घेतलं ते कपडे बदलून येतात आणि भिंतीपाशी ताठ उभे राहतात. सहज, रोजच्या वावरातले फोटो कसे मिळतील?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : तुला जे विचारलं जातंय ते अगदी रास्त आहे. या शहरात कॅमेरा घेऊन घराच्या दारात येणारा अनोळखी माणूस बऱ्याचदा कचेरीतूनच आलेला असतो. ४ जानेवारी १९७६ला मुंबईत सरकारी जमिनींवरच्या झोपड्यांची गणना झाली आणि पुढं लोकांना फोटोपास मिळाले. तो पास पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत जपून ठेवलेली घरं आजही सापडतात. ‘हे घर तुमचंच का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फोटो, हे मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांच्या अंगवळणी पडलं आहे. झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, योजनेच्या सर्वेक्षणातही घरासमोर उभं करून फोटो घेतात. त्यात कोळीवाड्याचं दुखणं वेगळं आहे. मुंबई शहर व्हायच्या आधीपासून जे इथं राहतात, त्यांच्या वस्तीला कुणी झोपडपट्टी म्हटलं की त्यांना झोंबतं, आणि का झोंबू नये? कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. अशात तू जाऊन ‘तुमच्या घराचा फोटो काढू का?’ म्हणालीस, तर समोरच्या बाईच्या मनात पहिल्यांदा मोजमाप येणार, कला नाही.

म्हणून पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नकोस. गोलफादेवीच्या देवळापाशी जा, तिथं बसणाऱ्या जुन्या माणसांशी बोल. आपलं कॉलेज कोणतं, फोटो कुठं लागणार, कोण बघणार हे सगळं न विचारता सांग. ओळखपत्र गळ्यात घालू नकोस, पिशवीत ठेव आणि मागितलं तर दाखव. वेळेचंही भान हवं. पहाटे बाया मासळी घ्यायला ससून डॉकला नाहीतर भाऊच्या धक्क्याला गेलेल्या असतात, तिथून थेट बाजारात बसतात. दुपारी घरी आल्या की पाठ टेकायची वेळ. सोमवारी, गुरुवारी मासळीला उठाव कमी, तेव्हा जरा सवड मिळते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुष ओटीवर जाळी शिवत बसलेले असतात. तुझा प्रकल्प तेव्हापर्यंत थांबू शकत असेल तर थांबव.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातून मला जाणवलं ते असं, की घर कसं दिसायला हवं याचं एक चित्र तू डोंबिवलीहून निघतानाच मनात घेऊन जातेस. चुलीपाशी वाकलेली म्हातारी, जाळ्यावर पडलेलं ऊन, दारातलं मांजर. मग समोरची बाई नऊवारी लुगडं नेसून, पाटल्या-बांगड्या घालून, देव्हाऱ्यातल्या एकवीरा आईच्या तसबिरीशेजारी ताठ उभी राहिली की तुझा हिरमोड होतो. होऊ देऊ नकोस. तो फोटो तिनं रचलाय. घराची कोणती बाजू जगाला दाखवायची हे तिनं ठरवलंय. तुझा विषय ‘घर म्हणजे काय’ हा असेल, तर तिनं तुला उत्तर दिलंय.

मी अनेक वर्षं एकच प्रश्न विचारत आले. ‘तुमचा तुमच्या घरात फोटो काढायचाय, कुठं काढू?’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. ‘खिडकीपाशी छान येईल हं’ असं काही सुचवायचं नाही. माणसं आधी गोंधळतात, मग इकडंतिकडं बघतात, मग चालायला लागतात. कुठं जातात ते बघत राहायचं. वरळीतल्याच एका आजींनी मला पुढच्या खोलीतला नवा सोफा ओलांडून मागच्या मोरीशी नेलं. तिथं फरशीवर मोरली, म्हणजे विळी, उभी करून ठेवलेली, तिचं पातं घासून घासून बोटभर रुंदीचं उरलेलं. सासूनं दिलेली मोरली. आजी तिच्याशेजारी पाटावर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, ‘आता काढ.’ त्यांच्या सुनेनं त्याच घरात टीव्हीशेजारची भिंत निवडली, कारण तिथं तिच्या मुलाची दहावीची ट्रॉफी होती. दोघींचं घर एकच. माझ्याकडं मात्र दोन वेगळ्या घरांचे फोटो आहेत.

एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तर घरात थांबलेच नाहीत. चप्पल घालून गल्लीतून सरळ क्लीव्हलँड बंदरावर घेऊन गेले. समोर सागरी किनारा रस्त्याचं काम चाललेलं. पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर आधी ६० मीटर ठरलं होतं. भरतीच्या लाटेत एवढ्याशा जागेतून होडी काढणं धोक्याचं, म्हणून वरळीच्या कोळ्यांनी ते काम अडवून धरलं आणि अखेर अंतर १२० मीटर झालं. तांडेल त्या खांबांकडं तोंड करून उभे राहिले. मी घरातला फोटो म्हणाले होते आणि त्यांच्या दृष्टीनं ते घरातच उभे होते. होडीची वाट बंद झाली तर मागच्या चार भिंतींना काय अर्थ, हे त्यांनी मला एक शब्द न बोलता दाखवलं. प्रकल्पात ‘घराच्या आत’ अशी अट घातली असेल तर ती तू सरांशी बोलून काढून टाक.

ताठपणाबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण तो मी लहानपणापासून पाहिला आहे. लालबागला माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. गिरणीत काम करणारे, एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीनं झोपणारे लोक गावी पाठवायला फोटो काढून घ्यायचे. मागं रंगवलेला पडदा असायचा. त्यावर कठडा, कारंजं आणि दूरवर एक बंगला. इस्त्रीचा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, हात मांडीवर. हसणं जवळपास नाहीच. ‘माझ्या खोलीवर येऊन फोटो काढा’ असं तेव्हा कुणी म्हणत नसे. त्यांचं घर सावंतवाडीकडं नाहीतर साताऱ्याकडं होतं, मुंबईत नुसतं अंथरूण. १९८२चा संप लांबत गेला आणि माणसं गावची वाट धरू लागली, तेव्हा मात्र काही जण वडिलांना चाळीत बोलवायला आले. सामान बांधून झाल्यावर, खोलीच्या दारात, आपल्या ट्रंकेवर बसून फोटो काढून घेतले. तेही ताठच बसले होते. ते फोटो सहज नाहीत असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

भिंतीपाशी उभी राहिलेली ती सगळी माणसं तुझ्या प्रकल्पात ठेव. आणि प्रिंट नेऊन दे. फोनवर पाठवलेला फोटो नव्हे, कागदावरचा, निदान सहा बाय आठचा. दुसऱ्यांदा त्या गल्लीत शिरशील तेव्हा ‘कुठल्या ऑफिसातून’ हा प्रश्न येणार नाही.

प्रश्न : शाळेच्या उपक्रमात मुलं मनोरीतल्या आजी-आजोबांचे घरी जाऊन फोटो काढतात. साधन म्हणजे फोन. खोल्या अंधाऱ्या. चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा येतो, कडेची माणसं फुगलेली दिसतात आणि काही फोटोंत आडव्या पट्ट्या उमटतात.
— एक शिक्षिका, मालाड

उत्तर : बाई, आधी घरच्यांना विचारून खोलीतला दिवा बंद करायला सांगा. दारातून येणारा उजेड निळसर असतो, पिवळा बल्ब चालू असला की चेहऱ्यावर दोन रंग भांडतात. आजींना दाराकडं तोंड करून, उंबऱ्यापासून हात-दीड हात आत बसवा. मुलानं दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभं राहावं, उजेड अडवू नये. सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक अरुंद गल्लीत विसरा. तिथं भर दुपारी बारा ते दोनमध्ये ऊन सरळ खाली उतरतं, समोरच्या भिंतीवर आपटतं आणि मऊ होऊन घरात शिरतं. फक्त समोरची भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तो रंग चेहऱ्यावर चढतो, एवढं बघा.

फोनची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते. कडेला उभा राहिलेला माणूस त्यामुळं ताणला जातो. त्याला मधे घ्या, किंवा दुप्पट झूम लावून दोन पावलं मागं सरका. मागं जायला जागा नसेल तर दाराबाहेरून काढा, चौकट फोटोत आली तर बिघडत नाही. पट्ट्या पडतात त्या दिव्यामुळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधा एलईडी किंवा जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दिवा लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर फोनच्या ‘प्रो’ सेटिंगमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या जातील. हात हलत असेल तर फोन डब्याला टेकवून टायमर लावा. फ्लॅश नको.

प्रश्न : आम्ही वेसाव्याचे. सुट्टीच्या दिवशी कॅमेरेवाल्यांचे घोळकेच्या घोळके येतात. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचे फोटो काढतात, इथवर ठीक. पण दार उघडं दिसलं की आतही डोकावतात. माझी आजी ओटीवर जवळा निवडत बसलेली असताना कुणीतरी फोटो काढला. तो मोठा करून एका हॉटेलच्या भिंतीवर लावलाय, हे आमच्या पाहुण्यांनी पाहिलं. आजी म्हणते, ‘माजा फोटू त्याना कनाला?’ आम्ही काय करू शकतो?
— एक वाचक, वेसावे कोळीवाडा

उत्तर : दादा, तुमच्या आजीचा प्रश्न त्या हॉटेलवाल्याला लेखी विचारा. पत्रात एवढंच लिहा, की हा फोटो आमच्या घरातल्या व्यक्तीचा, आमच्या ओटीवर काढलेला आहे, आम्ही परवानगी दिलेली नाही, तो काढून टाकावा आणि कुणाकडून घेतला ते कळवावं. पोच घ्या. धंदा करणाऱ्याला असा वाद नको असतो. तेवढ्यानं भागलं नाही तर वकिलाकडून नोटीस पाठवा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोची मालकी साधारणपणे काढणाऱ्याकडं जाते, ज्याचा चेहरा आहे त्याच्याकडं नाही. तुम्ही पैसे देऊन काढून घेतलात आणि वेगळा करार केला नसेल, तर मालकी तुमची. म्हणून ‘माझा फोटो आहे, मला द्या’ हे भांडण कॉपीराइटच्या वाटेनं टिकत नाही. दुसरी वाट खासगीपणाची. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. गल्लीतून चालणारा माणूस आणि स्वतःच्या ओटीवर बसलेली बाई यांत फरक आहे आणि तुमच्या वकिलानं तो ठासून मांडायला हवा.

या बाबतीत मला अमेरिकेतल्या एका बाईंची हकीकत कायम आठवते. मार्च १९३६मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकार सरकारी कामावर असताना कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबल्या. तिथं तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या एका आईचे त्यांनी काही फोटो काढले. त्यांतला एक जगभर छापला गेला. त्या आईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळलं १९७८ साली. तेव्हा त्या म्हणाल्या, की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. फोटो काढणाऱ्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही, एक प्रत पाठवते म्हणाल्या ती पाठवली नाही, आणि मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. तो तंबू फाटका असेल, पण त्या दिवशी तिचं घर तोच होता. फोटो फार मोठा आहे, त्यानं त्या तळावरच्या उपाशी मजुरांकडं सरकारचं लक्ष गेलं, हेही खरं. तरी नाव न विचारण्याला ते कारण पुरत नाही असं माझं ठाम मत आहे. आणि इथं तर कुणी उपाशी नव्हतं, हॉटेलला भिंत सजवायची होती.

पुढच्यासाठी गावातल्या मंडळींनी एकत्र बसून ठरवा. दार बंद करा असं मी म्हणणार नाही, आठवडाभर घरी येऊन बसणारे, प्रिंट आणून देणारे चांगले लोकही या कामात आहेत. पण येणाऱ्याकडून साध्या मराठीत कागद लिहून घ्या. फोटो कुठं वापरणार, कुठं वापरणार नाही, विकला तर काय, आणि प्रत कधी देणार. खाली नाव, फोन आणि सही. एक कागद त्याच्याकडं, एक तुमच्याकडं. जो सही करायला कां-कूं करेल त्याला बोंबलांचे फोटो काढू द्या, ओटीचे नको.

प्रश्न : आमचं मरोळ गावठाणातलं घर पुढच्या वर्षी पाडणार आहेत, जागी इमारत होईल. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती. घर पणजोबांच्या काळातलं, बाहेरून लाकडी जिना आहे. आई ऐंशीच्या पुढची. पाडायच्या आधी तिचे या घरात फोटो काढून ठेवावेत असं फार वाटतं. ती म्हणते, ‘एवढ्या पसाऱ्यात नको, आवरल्यावर बघू.’ आवरणं काही होत नाही आणि दिवस जातायत.
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : ताई, आईंचं म्हणणं मोडू नका. घर त्यांचं आहे, कोणत्या रूपात त्यांना मागं ठेवायचंय ते त्या सांगतायत. त्यांच्याबरोबर आवरायला बसा. एकेक कपाट, दिवसाला एक. आणि आवरताना फोटो काढू का, हे विचारा. उभं राहून फोटो द्यायला नाही म्हणणारी माणसं हातात काम असलं की बऱ्याचदा हो म्हणतात. ट्रंकेतून जुनं लुगडं निघेल, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका निघेल, आई सांगत जातील. फोन बाजूला टेकवून आवाज रेकॉर्ड करायला ठेवा, तो फोटोइतकाच मोलाचा आहे.

स्वयंपाकघरातलं बाटली मसाल्याचं फळकूट सोडू नका. बिअरच्या त्या तपकिरी बाटल्या, काठीनं ठासून भरलेला मसाला, बुचावर बांधलेलं फडकं. तुमच्याकडं उन्हाळ्यात मसाला होत असेल तर त्या दिवसाचे फोटो आधी काढा, पुढच्या उन्हाळ्यात हे अंगण नसेल. मिरच्या वाळत घालायला इमारतीत गच्ची मिळेलही, पण आई तिथवर चढतील का? जिन्याचे फोटो खालून एक आणि वरून एक घ्या. वरून घेताना आईंचा हात कठड्यावर जिथं पडतो ती जागा जवळून घ्या, तिथलं लाकूड गुळगुळीत झालेलं असणार.

आणखी एक करा. आई दिवसभर जिथं बसतात तिथं तुम्ही बसा. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि समोर जे दिसतं ते काढा. आल्तार (घरातली वेदी), दाराचा तुकडा, शेजाऱ्यांची खिडकी, जे असेल ते. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, एकाच जागेवरून. घरात राहणाऱ्या माणसाचे फोटो सगळे काढतात. त्या माणसाला रोज काय दिसत होतं, ते मागं राहतच नाही.

मग आईंना तोच प्रश्न विचारा जो मी वर त्या मुलीला लिहिलाय. त्या कदाचित घर सोडून खुरिसापाशी, म्हणजे गावच्या क्रुसापाशी, जातील. मुंबईच्या गावठाणांतले बरेच खुरीस १८९६च्या प्लेगच्या वेळचे. साथ टळावी म्हणून लोकांनी उभारले आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या तिथं रोजरीची प्रार्थना म्हणत आले. आई तिथं गेल्या तर तिथं काढा. शेजारच्या बाया जमल्या तर त्यांनाही घ्या, त्यांना बाजूला व्हायला सांगू नका.

प्रिंट लगेच काढा, इमारत होईपर्यंत थांबू नका. मधली एक-दोन वर्षं भाड्याच्या घरात जातील आणि आईंना भिंतीवर काहीतरी ओळखीचं लागेल. कोणता फोटो कुठं लावायचा हे त्यांनाच ठरवू द्या. प्रत्येक फोटोच्या मागं कोण, कुठली खोली, कोणता महिना ते आईंना विचारून लिहा. हल्लीच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतो. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा मार्कर घ्या, कडेला लिहा आणि पूर्ण वाळल्याशिवाय फोटो एकावर एक ठेवू नका.